मिनी पोकलेनचा स्विंग बिघडलाय? मोटर खोलण्याआधी हा क्रम पाळा

स्विंग, म्हणजे केबिनचं गोल फिरणं, सुस्तावलं की बहुतेक ठिकाणी पहिला पाना थेट स्विंग मोटरच्या बोल्टला लागतो. मोटर उतरते, सील किट पडतं, मोटर परत चढते आणि मशीन होती तशीच राहते. मग दुसरं सील किट येतं आणि मग "पंपच गेला असणार" अशी चर्चा सुरू होते. यात पैसा तर जातोच, शिवाय उघड्यावर खोललेल्या मोटरमध्ये धूळ शिरते आणि जो दोष नव्हता तो नव्याने तयार होतो.

मोटर खोलायची वेळ येतेही, पण गेजचा काटा तसं सांगेल तेव्हा. त्याआधी तपासायच्या गोष्टी बऱ्याच आहेत. त्यातल्या निम्म्यांना पानाही लागत नाही.

हा क्रम साधारण २.५ ते ६ टनांच्या मशीनसाठी आहे, म्हणजे ज्यांचे लिव्हर पायलट तेलावर (लिव्हरचा इशारा व्हॉल्व्हपर्यंत पोचवणाऱ्या कमी दाबाच्या तेलावर) चालतात आणि ज्यांच्या स्विंग मोटरला ब्रेक असतो. एक-दीड टनाच्या छोट्या मशीनमध्ये बऱ्याचदा साधी ऑर्बिटल मोटर असते आणि काहींमध्ये पार्किंग ब्रेकच नसतो. तिथे ब्रेकचा टप्पा सोडून पुढे जा.

आधी हे ठरवा: कोणता स्विंग?

मिनी मशीनमध्ये दोन स्विंग असतात. एक म्हणजे केबिनसकट वरचा सगळा भाग गोल फिरतो तो. दुसरा बूम स्विंग, ज्यात पुढचा फक्त बूम डावी-उजवीकडे वळतो. बूम स्विंगला मोटर नसते, सिलिंडर असतो आणि तो पेडलवर किंवा लिव्हरवरच्या बटणावर चालतो. फोनवर "स्विंग होत नाही" एवढंच ऐकून मोटरचे पार्ट घेऊन निघू नका. हा लेख केबिन फिरण्याबद्दल आहे.

तेलाचा रस्ता डोक्यात ठेवा

इंजिन पंप फिरवतं. पंपाचं तेल मेन कंट्रोल व्हॉल्व्हमधल्या स्विंग स्पूलला (सरकून तेलाची दिशा ठरवणाऱ्या दांड्याला) येतं. तिथून दोन जाड होज स्विंग मोटरच्या दोन पोर्टना जातात. मोटरखाली रिडक्शन गिअर, त्याच्या टोकाला पिनियन, आणि पिनियन मोठ्या स्विंग बेअरिंगच्या आतल्या दात्यांवर चालतं.

या आकाराच्या बऱ्याच मशीनमध्ये बूम, आर्म, बकेट आणि चेन यांच्यासाठी दोन पिस्टन पंप असतात. स्विंग आणि पुढचा ब्लेड यांच्यासाठी वेगळा तिसरा गिअर पंप असतो, त्याला मॅन्युअलमध्ये पी-३ म्हणतात. स्पूल हलवायला आणि ब्रेक सोडायला पायलटचं तेल लागतं, ते साधारण ३० ते ४० बारचं असतं. मोटरच्या अंगावरच दोन रिलीफ व्हॉल्व्ह (दाब मर्यादेवर गेला की तेल सोडणारे, एका दिशेला एक), मेकअप चेक व्हॉल्व्ह (मोटरला तेल कमी पडलं की भरून देणारे) आणि ब्रेक बसवलेला असतो.

सेंटर जॉइंट या रस्त्यात कुठेच नाही. तो खालच्या भागाला, म्हणजे चेनच्या मोटरना आणि ब्लेडला तेल देतो. स्विंग मोटर वरच्या भागातच बसलेली असते. तरी स्विंगच्या तक्रारीवर सेंटर जॉइंटची सीलं बदलून घेतलेले मालक भेटतात.

टप्पा १: तयारी

मशीन कडक, सपाट जागेवर घ्या. बकेट आणि ब्लेड जमिनीला टेकवा. आजूबाजूची माणसं लांब ठेवा. केबिनचा मागचा भाग आणि चेन यांच्यामधल्या फटीत तर कुणीही उभं राहता कामा नये, कारण चाचणीत मशीन अचानक फिरू शकते.

हाताशी ठेवायच्या गोष्टी:

- ० ते ४०० बारचं गेज (मेन प्रेशरसाठी) आणि ० ते ६० किंवा ० ते १०० बारचं गेज (पायलटसाठी)
- टेस्ट होज, टी-जॉइंट, मशीनच्या आट्यांना बसणारी अडॅप्टर
- होज आणि पोर्ट बंद करायला लोखंडी प्लग आणि कॅप
- मल्टिमीटर, मापाचं भांडं, घड्याळ, पेंट मार्कर
- लोंबत्या धाग्याचं नसलेलं स्वच्छ कापड
- त्याच मॉडेलचं आणि त्याच सिरीयल नंबरच्या मालिकेचं सर्व्हिस मॅन्युअल

शेवटची ओळ बहुतेक जण सोडून देतात. एकाच मॉडेलमध्येसुद्धा सिरीयल नंबर बदलला की मोटर आणि रिलीफचं सेटिंग बदलू शकतं. आकडा वाचताना एकक बघा: १ मेगापास्कल म्हणजे १० बार, म्हणजे साधारण १४५ पीएसआय.

हायड्रॉलिक तेल साधारण ५० अंश सेल्सिअसपर्यंत गरम झाल्यावरच मापं घ्या. थंड तेल घट्ट असतं आणि आतली गळती झाकून टाकतं. सकाळी मशीन सुरू करून लगेच घेतलेलं माप फसवं असतं.

*सावधान:* कुठलाही होज सोडण्याआधी इंजिन बंद करा, चावी 'ऑन'ला ठेवा, सेफ्टी लिव्हर कामाच्या स्थितीत घ्या आणि दोन्ही लिव्हर सगळ्या दिशांना काही वेळा पूर्ण हलवा. पायलट लाइनमध्ये अॅक्युम्युलेटर (दाब साठवणारं भांडं) असेल तर इंजिन बंद झाल्यावरही त्यात दाब उरलेला असतो, तो असा उतरतो. मग टाकीचं झाकण किंवा ब्रीदर सैल करून टाकीतली हवा सोडा. बारीक छिद्रातून गळणारं तेल कधीही हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरा. दाबाचं तेल कातडीत घुसलं तर वरून फक्त टोचल्यासारखं दिसतं, पण ती शस्त्रक्रियेची तातडी असते. लगेच दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना तेल घुसल्याचं स्पष्ट सांगा.

टप्पा २: ऑपरेटरला विचारा

रोज मशीनवर बसणाऱ्याला अर्धं निदान माहीत असतं, पण त्याला कोणी विचारत नाही. "स्विंग मरतोय" यावर थांबू नका. दोन्ही बाजूंना की एकाच? थंड असताना नीट आणि दुपारी सुस्त, की दिवसभर सारखंच? हळूहळू वाढत गेलं की एका दिवसात झालं? अलीकडे तेल, फिल्टर, होज किंवा बॅटरी बदलली का? ब्रेकर लावून काम केलं का? चढावर उभी असताना केबिन आपोआप फिरते का?

"तेल बदलल्यापासून" असं उत्तर आलं तर कोणतं तेल घातलं ते आधी विचारा. आपल्याकडच्या हवामानात ग्रेड ४६ किंवा ६८ चालतं, पण मॅन्युअलपेक्षा पातळ तेल घातलं की दुपारच्या उन्हात आतली गळती वाढते आणि स्विंग आधी मंदावतो.

टप्पा ३: पाना न लावता होणारी तपासणी

इथे घाई करू नका. याच क्रमाने बघा.

१. स्विंग लॉक पिन वर आहे का? मशीन ट्रेलरवरून उतरवल्यावर ही पिन काढायची राहून जाते, आणि मग "मोटर जाम" म्हणून फोन येतो.

२. हायड्रॉलिक तेलाची पातळी. टाकीजवळच्या स्टिकरवर बूम-आर्म कोणत्या स्थितीत ठेवायचे ते दाखवलेलं असतं, तसेच ठेवून बघा. सिलिंडर बाहेर काढलेले असताना पातळी कमीच दिसणार.

३. इंजिनचा फुल आरपीएम मॅन्युअलप्रमाणे मिळतोय का? डिझेल फिल्टर चोकअप असेल तर लोडवर इंजिन दबतं आणि दोष हायड्रॉलिकच्या माथी बसतो.

४. स्विंग गिअरबॉक्सचं तेल. हे फार कमी लोक बघतात. पातळी वर चढली असेल आणि तेल पातळ झालं असेल, तर मोटरच्या शाफ्ट सीलमधून हायड्रॉलिक तेल गिअरबॉक्समध्ये उतरतंय. बाहेर कुठेही गळती नसताना टाकी कमी होते, ती अशी. तेल चहासारखं दुधट असेल तर पाणी शिरलंय.

५. स्विंग बेअरिंगचं ग्रीस. तपासणीचं झाकण उघडा. ग्रीस घट्ट आणि स्वच्छ हवं. पातळ, वाहतं ग्रीस म्हणजे गिअरबॉक्सचं खालचं सील गेलंय. त्यात खडी किंवा चमकणारे कण असतील तर ते बोटावर घेऊन चिमटीत चोळून बघा. वाळू आणि पोलादाचा कीस यांतला फरक लगेच कळतो.

६. बेअरिंगचे बोल्ट सैल आहेत का, दात्यांमध्ये दगड अडकलाय का.

७. स्विंगच्या दोन्ही होजवर घासल्याच्या खुणा, आणि वायरिंग कुठे चिमटलंय का.

*तपासा:* इथपर्यंत काही सापडलं तर ते दुरुस्त करूनच पुढे जा. दोन दोष एकाच वेळी शिल्लक असले की पुढचं एकही माप पटत नाही.

टप्पा ४: मशीन चालवून लक्षण नेमकं करा

आता मशीन गरम आहे, बकेट रिकामी आहे. फुल आरपीएमवर स्विंग सुरू करा, पहिला फेरा वेग घ्यायला सोडा आणि पुढच्या तीन फेऱ्यांची वेळ घ्या. या वर्गातल्या बऱ्याच मशीनचा वेग मिनिटाला ९ ते १० फेरे असतो, म्हणजे तीन फेऱ्यांना १८ ते २० सेकंद. नेमका आकडा मॅन्युअलचा धरा. डावीकडची आणि उजवीकडची वेळ वेगवेगळी लिहा.

मग बाकीची कामं बघा. बूम, आर्म, चेन, सगळंच सुस्त असेल तर हा स्विंगचा दोष नाहीच. पायलट प्रेशर, सक्शन गाळणी, तेल आणि इंजिन बघा आणि हा लेख बाजूला ठेवा.

फक्त स्विंग आणि ब्लेड सुस्त असतील तर संशय पी-३ पंपावर किंवा त्याच्या रिलीफवर. ब्लेड जमिनीला दाबून मशीनचं नाक दणक्यात उचललं जात असेल आणि स्विंग मात्र मरतोय, तर पंपाला हात लावू नका. दोष स्विंग स्पूल, ब्रेक किंवा मोटर यांच्यात आहे. तुमच्या मशीनमध्ये ब्लेड खरंच स्विंगच्याच पंपावर आहे का, हे सर्किटच्या चित्रात आधी बघून घ्या.

*सावधान:* लिव्हर मध्यावर असताना केबिन स्वतःहून फिरत असेल तर पुढच्या चाचण्या करू नका. इंजिन बंद करा. स्विंग स्पूलचे दोन्ही पायलट होज सोडा, त्यांना कॅप आणि स्पूलच्या पोर्टला मधे बारीक भोक असलेला सैल प्लग लावा, म्हणजे तिथे दाब साठणार नाही. माणसं दूर करून इंजिन स्लोवर सुरू करा. तरी फिरली तर स्पूल अडकलाय. थांबली तर लिव्हरखालचा पायलट व्हॉल्व्ह अडकलाय.

टप्पा ५: पायलट प्रेशर

छोटं गेज टी-जॉइंटने स्विंग स्पूलच्या एका टोकाच्या पायलट होजमध्ये लावा. मोठं गेज इथे निरुपयोगी आहे, ४०० बारच्या गेजवर ५ बारचा फरक दिसत नाही. उलट छोटं गेज चुकून मेन लाइनला लावलं तर ते फुटेल.

लिव्हर हळूहळू ओढा. दाब तसाच हळूहळू चढला पाहिजे आणि पूर्ण ओढल्यावर पायलट सप्लायच्या जवळ पोचला पाहिजे. लिव्हर सोडला की काटा जवळपास शून्यावर यायला हवा. मग दुसऱ्या टोकाला तेच करा.

दोन्ही बाजूंना कमी असेल तर पायलट रिलीफ, पायलट फिल्टर किंवा सेफ्टी लिव्हरचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) बघा. पण या तिन्हींमुळे बाकीची कामंही मंदावतात, म्हणून टप्पा ४ आठवा. एकाच बाजूला कमी असेल तर लिव्हरखालच्या पायलट व्हॉल्व्हमधला त्या बाजूचा प्लंजर, नाहीतर दबलेला होज. लिव्हरखालचं रबरी बूट फाटलेलं असेल तर आत माती साचते आणि लिव्हर पूर्ण टेकत नाही. हे डोळ्यांनी दिसतं.

टप्पा ६: ब्रेक

स्विंग ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि तेलाने सुटतो. म्हणजे तेल आलं नाही तर मोटर कितीही चांगली असली तरी ती डिस्क ओढत बसणार. काही मशीनमध्ये हे तेल सोलेनॉइड सोडतो, काहींमध्ये पायलट तेलाच्या इशाऱ्यावर व्हॉल्व्ह सोडतो. लिव्हर सोडल्यावर काही सेकंदांनीच ब्रेक लागतो. ही दिरंगाई मुद्दाम ठेवलेली असते.

छोटं गेज ब्रेकच्या पोर्टला लावा. लिव्हर हलवताक्षणी काटा पायलट सप्लायपर्यंत उडी मारतो का ते बघा.

काटा हललाच नाही तर आधी वीज तपासा. सोलेनॉइडच्या कनेक्टरवर लिव्हर हलवताना व्होल्टेज येतंय का? या मशीन बहुधा १२ व्होल्टच्या असतात. कॉइलच्या नटाजवळ स्क्रू ड्रायव्हरचं टोक नेलं की चालू कॉइल ते ओढून घेतं. मल्टिमीटर नसेल तर एवढ्यावरही कळतं.

द्राक्षबागेत चर खणणारी एक तीन टनी मशीन अशीच आली होती. मोटर दोनदा खोलून झालेली, सीलं नवी. ब्रेकच्या पोर्टवर गेज लावलं तर काटा शून्यावर. कनेक्टर सोडला तर आतली एक पिन हिरवीगार पडलेली आणि रबरी सीलच्या कडेला फवारणीच्या पाण्याचा निळसर थर. बागेत बोर्डो मिश्रणाची फवारणी होते, त्यातलं मोरचूद तारेच्या जोडात शिरलं होतं. पिन घासून साफ केली, काटा ३५ बारवर गेला आणि स्विंग सुटला.

दाब नीट येतोय आणि तरी मशीन ओढून धरल्यासारखी फिरतेय, तर ब्रेक पिस्टनच्या ओ-रिंग किंवा चिकटलेल्या डिस्क. थोडा वेळ स्विंग चालवून ब्रेकच्या घराचं तापमान बघा. मोटरच्या बाकी अंगापेक्षा तिथे जास्त तापत असेल तर ब्रेक घासतोय.

*चूक:* ब्रेक त्रास देतो म्हणून डिस्क काढून मशीन चालवणं. सपाटीवर चालून जातं. उतारावर हीच मशीन उभी केली की केबिन स्वतःच्या वजनाने खाली वळते आणि बाजूच्या माणसाला चिरडू शकते.

टप्पा ७: मेन प्रेशर, आणि काट्याचा अर्थ

हा टप्पा नीट केला तर पुढे अंदाज उरत नाहीत. मोठं गेज स्विंग सर्किटच्या टेस्ट पोर्टला लावा. दोन मापं घ्यायची आहेत: मोकळं फिरताना आणि अडवून धरल्यावर.

अडवायची सोपी रीत म्हणजे ब्रेकचा होज सोडून त्याला प्लग लावणं, म्हणजे ब्रेक लागलेलाच राहतो. मॅन्युअल तशी परवानगी देत असेल तरच करा. दुसरी रीत म्हणजे बकेटची बाजू घट्ट, न ढासळणाऱ्या बांधाला टेकवणं. लॉक पिनवर अडवू नका, पिन वाकते आणि मग ती निघत नाही. फुल आरपीएमवर लिव्हर पूर्ण ओढा, काटा स्थिर झाला की आकडा बघा आणि सोडा. पाच सेकंद पुष्कळ झाले. जास्त धरलं तर रिलीफवरून जाणारं तेल झपाट्याने तापतं. ब्रेक लावून अडवलेलं असताना केबिन तरीही सरकली तर ब्रेक झिजलाय. तिथेच थांबा.

आता काटा आणि हालचाल एकत्र वाचा.

*दाब सेटिंगपर्यंत जातो, पण केबिन फिरत नाही.* हायड्रॉलिक ठीक आहे. ब्रेक, गिअर, पिनियन, बेअरिंग किंवा अडकलेला दगड बघा.

*दाब सेटिंगपर्यंत जातच नाही.* तेल कुठेतरी वाट काढतंय. मोटरवरचा रिलीफ, मोटर, स्पूल की पंप, हे पुढच्या दोन टप्प्यांत वेगळं होईल.

*अडवल्यावर दाब पूर्ण, मोकळं फिरताना दाब कमी आणि वेगही कमी.* तेल पुरेसं येत नाही. आरपीएम, झिजलेला पंप, किंवा स्पूल पूर्ण न उघडणं.

*मोकळं फिरतानाच दाब जास्त आणि वेग कमी.* कुणीतरी धरून ठेवलंय. घासणारा ब्रेक किंवा बिघडलेलं बेअरिंग.

मोटरवरचा रिलीफ बऱ्याच मशीनमध्ये पंपाच्या रिलीफपेक्षा कमी दाबावर ठेवलेला असतो. मॅन्युअलमध्ये दोन्हींचे वेगळे आकडे आहेत, एकाची तुलना दुसऱ्याशी करू नका.

*चूक:* दाब कमी दिसला की रिलीफचा स्क्रू आवळणं. गळती असेल तर त्याने काही फरक पडत नाही. गळती नसेल तर दाब मर्यादेच्या वर जातो आणि प्रत्येक थांबण्याचा धक्का पिनियनच्या दात्यांवर बसतो. स्क्रू फिरवायचाच असेल तर आधी पेंटने खूण करा, आणि गेज लावल्याशिवाय एक आटाही फिरवू नका.

टप्पा ८: एकाच बाजूला दोष असेल तर अदलाबदल

डावीकडे सुस्त, उजवीकडे नीट. अशा तक्रारीचं निदान सगळ्यांत पक्कं होतं, कारण चांगली बाजू तुलनेला मशीनवरच आहे. आणि अशा तक्रारीत पंप निर्दोष असतो, तो दोन्ही बाजूंना एकच तेल देतो. एका वेळी एकच अदलाबदल करा आणि पुढच्या अदलाबदलीआधी पहिली पूर्ववत करा.

पहिली: पायलट होज. स्पूलच्या दोन टोकांचे होज एकमेकांच्या जागी लावा. आता लिव्हर डावीकडे ओढला की मशीन उजवीकडे जाईल, हे ऑपरेटरला तोंडी सांगा आणि लिव्हरवर कागद चिकटवा. केबिन आता उजवीकडे जाताना सुस्त झाली तर दोष पायलटच्या बाजूला. अजूनही डावीकडे जातानाच सुस्त असेल तर दोष स्पूलपासून पुढे.

दुसरी: मोटरवरचे रिलीफ. दोन्ही कार्ट्रिज (म्हणजे आट्यांनी बसणारे अख्खे रिलीफ) एकाच पार्ट नंबरचे असतील तर डावा-उजवा बदला. दोष बाजू बदलून गेला तर कार्ट्रिज दोषी. काढलेला कार्ट्रिज उजेडात धरून सीटवर नीट बघा. बऱ्याचदा तिथे जुन्या ओ-रिंगचा केसाएवढा काळा तुकडा किंवा टेफ्लॉन टेपचा तंतू अडकलेला असतो, आणि तेवढ्यानेही दाब टिकत नाही. हायड्रॉलिकच्या आट्यांना टेप गुंडाळायची सवय इथे नडते. तुकडा निघाला आणि सीटवर ओरखडा नसेल तर नवा कार्ट्रिज घ्यायची गरज नाही.

तिसरी: मोटरचे मेन होज, लांबी पुरत असेल तरच. केबिन तरीही त्याच दिशेला सुस्त राहिली तर दोष मोटरमध्ये, बहुधा त्या बाजूच्या मेकअप चेकमध्ये. सुस्ती दुसऱ्या दिशेला गेली तर स्पूलमध्ये. होज सोडलेला एक मिनिटही उघडा ठेवू नका, कॅप लावा.

टप्पा ९: केस ड्रेन

मोटर आतून किती गळतेय हे सांगणारं माप हेच, आणि मोटर उतरवण्याचा निर्णयही यावरच घ्यायचा. केस ड्रेन म्हणजे मोटरची आतली गळती थेट टाकीकडे नेणारा बारीक होज, तो टाकीच्या टोकाला सोडा. टाकीच्या बाजूला प्लग लावा आणि होजचं तोंड मापाच्या भांड्यात घट्ट बांधा.

*सावधान:* प्लग फक्त टाकीच्या बाजूला. मोटरच्या ड्रेन पोर्टला किंवा होजच्या तोंडाला प्लग लावून इंजिन सुरू केलं तर मोटरच्या अंगात दाब साठतो आणि शाफ्ट सील क्षणात फुटतं.

टप्पा ७ सारखीच केबिन अडवा, पूर्ण दाबावर ठरावीक सेकंद धरा, भांड्यातलं तेल मोजा आणि मिनिटाला किती लिटर ते काढा. केबिन थोडी वळवून आणखी तीन-चार जागी हेच करा. पिस्टन मोटरची गळती शाफ्ट कुठे थांबलाय त्यावर बदलते, एका जागेचं माप कधीकधी साळसूद असतं. आकडा मॅन्युअलशी ताडा.

ड्रेनचं तेल मर्यादेत असेल तर मोटर उतरवू नका. मर्यादेच्या बरंच वर असेल, किंवा भांड्याच्या तळाशी पितळी चमक दिसली, तर आता मोटर खोला. ब्रेक पिस्टनच्या गळक्या ओ-रिंगमधूनही तेल याच ड्रेनला येतं. म्हणून ब्रेकचा होज जोडून आणि प्लग करून अशी दोन्ही मापं घेतलीत तर तोही घोळ राहत नाही.

टप्पा १०: फिरते नीट, पण थांबत नाही

इथे दोन तक्रारी एकत्र होतात, त्या वेगळ्या करा.

लिव्हर सोडल्यावर केबिन जास्त पुढे जाते. सपाटीवर बेअरिंगच्या वरच्या आणि खालच्या भागावर पेंटने खूण करा, पूर्ण वेगात फिरवून ठरलेल्या जागी लिव्हर सोडा आणि किती पुढे गेली ते मोजा, दोन्ही दिशांना. वेगात फिरणारी केबिन ब्रेक थांबवत नाही, मोटरवरचे रिलीफ थांबवतात. म्हणून इथे ब्रेकच्या डिस्क बदलून उपयोग नाही. एकाच दिशेला जास्त जात असेल तर त्या बाजूचा रिलीफ किंवा चेक.

उतारावर उभी असताना केबिन सरकते. मॅन्युअलने दिलेल्या उतारावर केबिन आडवी करून, बकेट जमिनीपासून थोडी वर ठेवून इंजिन बंद करा आणि पाच मिनिटांत खूण सरकते का बघा. उताराच्या बाजूला कुणालाही उभं राहू देऊ नका. सरकली तर ब्रेक. ब्रेक नसलेल्या छोट्या मशीनमध्ये मात्र थोडं सरकणं दोषात धरत नाहीत. तिथे लॉक पिन हाच इलाज.

थांबल्यावर केबिन मागे-पुढे झुलत राहिली तर मोटरवरचा अँटी-रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह बघा, पण आधी पिनियन आणि दात्यांमधली ढिलाई तपासा.

टप्पा ११: आवाज

थांबताना किंचाळल्यासारखा आवाज आला तर मोटरला मेकअपचं तेल कमी पडतंय. सुरुवातीला एकच ठोका म्हणजे दात्यांतली ढिलाई. प्रत्येक फेऱ्यात त्याच जागी कटकट म्हणजे तुटलेला दाता किंवा बेअरिंग. त्या जागेवर खूण करून झाकणातून टॉर्च मारा.

टप्पा १२: मोटर उतरवावीच लागली तर परत चढवताना

मोटर जागेवर बसवली की ड्रेन पोर्टमधून तिच्या अंगात स्वच्छ हायड्रॉलिक तेल काठोकाठ भरा आणि मगच ड्रेनचा होज जोडा. हे विसरलं तर नवी मोटर पहिल्या मिनिटात कोरडी घासते, आणि दुरुस्ती करणारा "पार्ट डुप्लिकेट निघाला" म्हणतो.

इंजिन स्लोवर ठेवून दोन्ही दिशांना अगदी हळू काही फेरे घ्या, हवा निघू द्या. मग फुल आरपीएम. टप्पा ४ ची वेळ, टप्पा ७ चा दाब आणि टप्पा ९ चं ड्रेन पुन्हा मोजून आधीच्या आकड्यांशेजारी लिहा. गिअरबॉक्समध्ये हायड्रॉलिक तेल उतरलं होतं तर त्याचं तेल पूर्ण बदला, वरून भर घालून भागवू नका.

मोटरमधून धातूचे कण निघाले असतील तर रिटर्न फिल्टर लगेच बदला, टाकी आणि सक्शन गाळणी धुऊन घ्या. मशीन ५० तास चालली की तो फिल्टर पुन्हा काढा, कापून उघडा आणि कागदाच्या घड्यांमध्ये चमक आहे का ते बघा.